शिक्षा संपली, मताचा हक्क परत आला का?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी सात पत्रे एकाच विषयावरची होती, आणि त्यांतल्या पाच जणांनी आपले नाव छापू नये असे कळवले होते. मुलाला मेडिकलला प्रवेश मिळाल्याचे मंडळाच्या गणपतीत माइकवरून सांगितले जाते. घरातल्या कोणाला अमेरिकी न्यायालयाने फेलनीत दोषी ठरवले, तर ते सख्ख्या भावालाही कळू दिले जात नाही. त्यामुळे शिक्षा संपल्यानंतर कोणते हक्क उरतात आणि गेलेले कसे परत मिळतात, ही माहिती ओळखीतून मिळण्याची वाटच बंद होते, आणि शेजारी किंवा सहकारी यांच्या ऐकीव सांगण्यावर माणसे सह्या करून मोकळी होतात.

उत्तरांकडे वळण्यापूर्वी थोडा खुलासा. फेलनी म्हणजे ढोबळमानाने ज्याला एक वर्षाहून अधिक कैद होऊ शकते असा गुन्हा. प्रत्यक्षात एक दिवसही तुरुंगात काढावा लागला नाही, तरी तो फेलनीच असतो. या दोषसिद्धीमुळे मुख्यतः चार हक्कांवर गदा येते: मतदान, ज्युरीत बसणे, सार्वजनिक पद भूषवणे आणि बंदूक बाळगणे. हे चारही हक्क एकदम जात नाहीत, एकदम परत येत नाहीत आणि परत देणारा अधिकारीही एकच नसतो. खालील बहुतेक प्रश्नांतला घोटाळा इथूनच सुरू होतो.

प्रश्न: आम्ही फ्लोरिडात राहतो. माझा मुलगा येथेच जन्मलेला, अमेरिकी नागरिक. कॉलेजात असताना क्रेडिट कार्डाच्या गैरव्यवहारात अडकला आणि २०१६ साली त्याच्यावर फेलनीचा खटला झाला. तुरुंगवास झाला नाही. तीन वर्षांचे प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी न्यायालयाच्या देखरेखीखालचा काळ, त्याने व्यवस्थित पूर्ण केले. परवा घरी मतदार नोंदणीचा अर्ज आला. ‘२०१८ साली घटनादुरुस्ती झाली, आता सगळ्यांना मत आहे, बिनधास्त सही कर,’ असे शेजाऱ्यांनी त्याला सांगितले. माझा जीव होत नाही. त्याने सही करावी का? — एक आई

उत्तर: आपला जीव होत नाही, हे बरोबर आहे. आज सही करू नये. पण नोंदणीचा विचार सोडूनही देऊ नये. मधला रस्ता कागदपत्रांतून जातो.

शेजाऱ्यांनी सांगितले ते अर्धे खरे आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये फ्लोरिडातील मतदारांनी चौथी घटनादुरुस्ती सुमारे ६४ टक्के मतांनी मंजूर केली. तोवर फ्लोरिडात फेलनी झालेल्या माणसाचा मताधिकार गव्हर्नर आणि त्यांच्या क्षमा मंडळाने परत दिला तरच मिळत असे, आणि त्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. दुरुस्तीने ठरवले की, खून आणि लैंगिक स्वरूपाची फेलनी वगळता इतरांना ‘शिक्षेच्या सर्व अटी पूर्ण झाल्यावर’ मताधिकार आपोआप परत मिळेल. या ‘सर्व अटी’ म्हणजे काय, यावरून पुढचे रामायण घडले. २०१९ साली राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून सांगितले की, न्यायालयाने शिक्षेत लिहिलेला दंड, खटल्याचे शुल्क आणि फिर्यादीला द्यायची नुकसानभरपाई हेही त्या अटींतच धरले जाईल. मे २०२० मध्ये एका संघीय जिल्हा न्यायाधीशांनी, ज्यांना पैसे भरणे शक्यच नाही त्यांच्याविरुद्ध हा नियम लावता येणार नाही, असा निकाल दिला. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अकराव्या सर्किटच्या, म्हणजे फ्लोरिडा ज्यात येते त्या संघीय विभागाच्या, अपील न्यायालयाने सहा विरुद्ध चार मतांनी तो फिरवला. तेव्हा नुसते प्रोबेशन संपणे पुरेसे नाही. निकालपत्रातला डॉलरचा आकडाही शून्यावर यावा लागतो.

आता मुलाने काय करावे, ते क्रमाने सांगतो. पहिली गोष्ट, ज्या काउंटीत खटला झाला तेथील क्लार्क ऑफ कोर्टकडून निकालपत्राची प्रत काढावी आणि त्यावर दोष ‘ठरवला’ आहे की दोष ठरवणे ‘रोखून धरले’ आहे, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. फ्लोरिडातील न्यायाधीशांना, विशेषतः पहिल्या आणि किरकोळ स्वरूपाच्या प्रकरणात, आरोपीने गुन्हा कबूल केला तरी त्याला औपचारिकरीत्या दोषी न ठरवता थेट प्रोबेशनवर पाठवता येते. निकालपत्राच्या छापील नमुन्यावर तेवढ्यासाठी एक छोटा चौकोन असतो. त्या चौकोनात फुली असेल, तर फ्लोरिडाच्या मतदान कायद्याच्या दृष्टीने आपला मुलगा कधी दोषी ठरलाच नाही, त्याचा मताधिकार कधी गेलाच नाही आणि पुढचा सारा खटाटोप त्याला लागू होत नाही. कॉलेजवयीन मुलाला तुरुंगवास न होता नुसते प्रोबेशन मिळाले आहे, त्यामुळे ही शक्यता खरोखरच तपासून पाहण्याजोगी आहे. ‘प्रोबेशन झाले होते’ एवढेच वर्षानुवर्षे लक्षात राहिलेल्या घरांत हा कागद कोणी पुन्हा उघडून वाचलेला नसतो.

दोष ठरवलेला असेल, तर हिशेबाकडे वळावे. एका परिचित कुटुंबाबरोबर क्लार्कच्या खिडकीशी उभे राहण्याचा प्रसंग माझ्यावर एकदा आला होता. खिडकीतून हातात आला तो दोन पानी छापील उतारा: डाव्या बाजूला शुल्कांची संक्षिप्त नावे, मध्ये आकारणीच्या तारखा, उजवीकडे बाकी रक्कम. त्यातले न्यायालयाने निकालाच्या दिवशी लावलेले किती आणि नंतर चढत गेलेले किती, हे तो उतारा आपणहून सांगत नव्हता. हा भेद मात्र महत्त्वाचा आहे, कारण २०१९ च्या कायद्यानुसार निकालपत्रात नमूद असलेलीच रक्कम मोजली जाते; नंतर चढलेले व्याज, विलंब शुल्क किंवा वसुली संस्थेचे कमिशन मताधिकारासाठी धरले जात नाही. म्हणून उतारा आणि निकालपत्र शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवावी लागते. आणखी एक मेख अशी की, प्रोबेशनच्या काळात नुकसानभरपाई बहुधा सुधारगृह खात्यामार्फत भरली जाते, आणि ती क्लार्कच्या उताऱ्यात दिसेलच असे नाही. त्या पावत्या किंवा खात्याचा दाखला वेगळा मागवावा. न्यायालयाने बाकी रकमेचे दिवाणी कर्जात रूपांतर केलेले असल्यास ‘आता ती शिक्षेचा भाग नाही’ असा समज होतो. तो चुकीचा आहे, ती बाकी मोजली जाते. रक्कम आवाक्याबाहेरची असेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून ती समाजसेवेच्या तासांत बदलून घेता येते, किंवा ज्याला ती रक्कम द्यायची त्याच्या संमतीने माफ करून घेता येते. काही काउंट्यांतील सरकारी वकिलांची कार्यालये आणि सार्वजनिक बचाव वकील यासाठी मदत करतात. तेथे विचारायला संकोच करू नये.

इतके करूनही शंका उरली, तर राज्याच्या निवडणूक विभागाकडे आपल्या प्रकरणापुरता लेखी अभिप्राय मागण्याची सोय आहे. वेळ लागला तरी तो घ्यावाच, असे माझे मत आहे, आणि त्याला कारण आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये फ्लोरिडात २० जणांना बेकायदा मतदानाच्या आरोपाखाली अटक झाली. ते खून किंवा लैंगिक गुन्ह्याच्या दोषसिद्धीमुळे घटनादुरुस्तीतून वगळलेल्या गटातले होते, पण त्यांच्यापैकी अनेकांना नोंदणीनंतर सरकारकडूनच मतदार कार्ड मिळालेले होते. कार्ड हाती आले म्हणजे हक्क तपासला गेला, असा कोणाचाही समज व्हावा. तो समज किती महागात पडतो, हे त्या दिवशी पहाटे पोलिसांनी ज्यांची दारे वाजवली त्यांना कळले. अर्जावर आपण पात्र असल्याची शपथ मतदार घेतो, क्लार्क घेत नाही. जाणूनबुजून खोटी शपथ घेणे ही फ्लोरिडात पुन्हा एक फेलनी असून तिला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सर्व कागद हाती ठेवून, समजून-उमजून केलेल्या सहीला मात्र भिण्याचे काही कारण नाही.

प्रश्न: माझ्या भाच्याला व्हर्जिनियात असताना एका संघीय खटल्यात शिक्षा झाली. तो आता सुटून न्यू जर्सीत आमच्याकडे राहतो, मात्र संघीय देखरेखीची दोन वर्षे अजून बाकी आहेत. व्हर्जिनियाच्या गव्हर्नरांचे पत्र मिळाल्याशिवाय त्याला मत देता येणार नाही, असे व्हर्जिनियातील एका मित्राने सांगितले. खरे काय? — न्यू जर्सीतील वाचक

उत्तर: भाचा अमेरिकी नागरिक असेल, तर तो न्यू जर्सीत आजच नोंदणी करू शकतो. मित्राचे म्हणणे व्हर्जिनियापुरते बरोबर आहे. पण भाचा आता तेथे राहत नाही. खटला संघीय न्यायालयात झाला असला, तरी मतदार कोण हे राज्याचा कायदा ठरवतो, आणि साधारणपणे ते राज्य म्हणजे माणूस आज जेथे राहतो ते. न्यू जर्सीने डिसेंबर २०१९ मध्ये कायदा बदलला, आणि १७ मार्च २०२० पासून प्रोबेशन, पॅरोल किंवा देखरेखीखाली असलेल्यांना तेथे मत देता येते. ज्या काळात माणूस तुरुंगात असतो तेवढाच काळ मत थांबते.

व्हर्जिनियाचा कारभार निराळा आहे. तेथील राज्यघटनेप्रमाणे फेलनी झालेल्याचा मताधिकार परत देण्याचा अधिकार गव्हर्नरांच्या हाती दिलेला आहे, त्यामुळे गव्हर्नर बदलला की रीतही बदलते. २०१६ साली गव्हर्नर मॅकऑलिफ यांनी एकाच आदेशाने शिक्षा पूर्ण केलेल्या सुमारे दोन लाख सहा हजार लोकांचे हक्क परत दिले. व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये, असे घाऊक आदेश काढण्याचा अधिकार त्यांना नाही, असा निकाल दिला. मग त्यांनी एकेका व्यक्तीच्या नावाने आदेश काढायला सुरुवात केली. २०२३ साली गव्हर्नर यंगकिन यांच्या प्रशासनाने, सुटलेल्या प्रत्येकाने अर्ज करावा आणि प्रत्येक अर्जाचा वेगळा विचार होईल, अशी पद्धत आणली.

एका देशात इतकी तऱ्हा का, असे आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. यादवी युद्धानंतर आलेल्या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या दुसऱ्या कलमात, ‘बंडात किंवा अन्य गुन्ह्यात भाग’ घेतल्यामुळे मत काढून घेतले असेल तर त्याबद्दल राज्याला दंड नाही, अशा अर्थाचा एक तुकडा आहे. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने रिचर्डसन विरुद्ध रामिरेझ या खटल्यात त्याच्या आधारे, गुन्हेगारांचे मत काढून घेण्यास राज्यांना मोकळीक आहे, असे ठरवले. मेन आणि व्हरमाँट या राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये माणूस तुरुंगातूनही मत देतो. दुसऱ्या टोकाला मिसिसिपी आहे: तेथील राज्यघटनेत यादी केलेले गुन्हे करणाऱ्याचे मत कायमचे जाते, आणि ते परत मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे त्या एका माणसाच्या नावाने विधेयक आणून ते दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतांनी मंजूर करून घेणे. एका माणसाच्या मतासाठी अख्खे विधिमंडळ बसते, ही गोष्ट मला कितीही वेळा वाचली तरी खरी वाटत नाही. या दोन टोकांच्या मध्ये बाकीची राज्ये पसरलेली आहेत. मिनेसोटाने २०२३ साली तुरुंगातून सुटताच मत परत देणारा कायदा केला. टेक्सासमध्ये मात्र प्रोबेशन आणि पॅरोलसह सर्व शिक्षा संपावी लागते.

टेक्सासचे नाव निघाले म्हणून सांगतो. २०१६ साली तेथील एका महिलेने संघीय देखरेखीखाली असताना मतदान केंद्रावर तात्पुरती मतपत्रिका भरून दिली. मत मोजले गेले नाही, तरी तिला पाच वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. आपण अपात्र आहोत हे तिला माहीत होते, असा पुरेसा पुरावा नाही, असे म्हणून अपील न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये दोष रद्द केला, आणि सरकार पक्ष त्यावरही वरच्या न्यायालयात गेला. भाचा उद्या नोकरीसाठी टेक्सासला गेला, तर न्यू जर्सीत मिळालेले मत त्याच्या मागोमाग तेथे येणार नाही. देखरेख संपेपर्यंत त्याला थांबावे लागेल.

याच्या उलट एक नियम आहे, तोही नोंदवतो. दोषसिद्धी दुसऱ्या राज्यात झाली असेल, तर फ्लोरिडा त्या राज्याच्या कायद्याने माणसाचे मत गेले आहे का, हे पाहते. मे २०२४ मध्ये न्यू यॉर्कमध्ये ३४ फेलनी आरोपांवर दोषी ठरलेले डोनाल्ड ट्रम्प त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्लोरिडात मत देऊ शकले ते यामुळेच: न्यू यॉर्कच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे तुरुंगात असतानाच मत थांबते, आणि ते तुरुंगात नव्हते.

प्रश्न: माझ्या दिरांकडे ग्रीन कार्ड आहे. दहा वर्षांपूर्वीचे चोरीचे एक प्रकरण न्यायालयाने रेकॉर्डवरून पुसून दिले आहे. आता ‘नागरी हक्क परत मिळाले’ म्हणून ते मत देऊ शकतात का? आणि नागरिकत्वाच्या अर्जात ‘अटक झाली होती का’ याला ‘नाही’ लिहावे का? — कॅलिफोर्नियातील वाचक

उत्तर: दोन्ही प्रश्नांचे उत्तर ठामपणे ‘नाही’ असे आहे.

जो हक्क कधी नव्हताच, तो परत मिळत नाही. संघीय निवडणुकीत मत फक्त अमेरिकी नागरिकाला आहे. ग्रीन कार्डधारकाने मत दिले, तर तो संघीय गुन्हा आहेच. शिवाय बेकायदा मतदान हे देशाबाहेर पाठवण्याचे स्वतंत्र कारण आहे, आणि त्यासाठी फौजदारी खटल्यात दोष सिद्ध होण्याचीही गरज नसते. नोंदणी अर्जावर ‘मी नागरिक आहे’ या चौकोनात खूण करणे त्याहून घातक, कारण नागरिकत्वाचा खोटा दावा माणसाला या देशाचे दार जवळजवळ कायमचे बंद करू शकतो. वाहन परवान्याच्या काउंटरवर घाईत पुढे सरकवलेल्या कागदावरही हा चौकोन असतो, हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे.

रेकॉर्ड पुसल्याचा आदेश नोकरी, भाड्याचे घर अशा ठिकाणी उपयोगी पडतो. इमिग्रेशनचा कायदा मात्र ‘दोषसिद्धी’ची व्याख्या स्वतःच करतो: माणसाने गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशांनी त्याच्यावर काही ना काही शिक्षा किंवा बंधन घातले, की राज्याने नंतर तो दोष पुसला तरी इमिग्रेशनच्या दृष्टीने तो सामान्यतः उरतोच. पहिल्या पत्रातील फ्लोरिडाचे ‘रोखून धरलेले’ निकालही याच कारणाने नागरिकाला वाचवतात आणि ग्रीन कार्डधारकाला नाही. नागरिकत्वाच्या अर्जात आजवरच्या प्रत्येक अटकेबद्दल विचारलेले असते, पुसलेल्या आणि सीलबंद प्रकरणांसकट. बोटांचे ठसे घेतले जातात आणि जुनी अटक समोर येते. मग चोरीपेक्षा लपवाछपवी भारी पडते.

आपण न विचारलेली पण याहून तातडीची बाब अशी: अर्ज करण्यापूर्वी, आणि पुढच्या भारतवारीचे तिकीट काढण्यापूर्वीही, दिरांनी इमिग्रेशन आणि फौजदारी हे दोन्ही विषय जाणणाऱ्या वकिलाला निकालपत्र दाखवावे. चोरीच्या गुन्ह्यात एक वर्ष किंवा अधिक कैद सुनावली गेली असेल, आणि ती पूर्णपणे स्थगित झाली असली तरीही, कायदा त्याला ‘गंभीर स्वरूपाची फेलनी’ या वर्गात टाकू शकतो. २९ नोव्हेंबर १९९० नंतरची अशी दोषसिद्धी नागरिकत्वाची वाट कायमची अडवते. देशाबाहेर जाऊन परतताना विमानतळावर हेच प्रकरण उघडले जाते; लग्नाला म्हणून गेलेला माणूस परतीच्या रांगेत अडकतो. त्या वेळच्या वकिलाने कबुलीच्या इमिग्रेशनवरील परिणामांची कल्पनाच दिली नसेल, तर २०१० च्या पडिल्ला विरुद्ध केंटकी या निकालाचा आधार घेता येतो का, हेही विचारावे.

प्रश्न: मी जॉर्जियात एक दुकान चालवतो. १९९९ साली बँकेच्या कर्जात चुकीची कागदपत्रे दिल्याबद्दल मला संघीय न्यायालयात शिक्षा झाली. ती केव्हाच संपली. मी गेली कित्येक वर्षे मत देतो. आता रात्रीच्या भीतीने काउंटरखाली पिस्तूल ठेवायचे आहे. मत आहे म्हणजे तेही चालेल ना? नाहीतर बायकोच्या नावावर घेऊ का? — एक दुकानदार

उत्तर: चालणार नाही, आणि बायकोच्या नावावर घेऊन काउंटरखाली ठेवले तरी चालणार नाही.

एक वर्षाहून अधिक कैदेस पात्र अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्याने बंदूक किंवा काडतूस बाळगणे हा संघीय गुन्हा आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची कमाल शिक्षा १५ वर्षे आहे. ‘बाळगणे’ म्हणजे खिशात असणे एवढाच अर्थ नाही. आपल्याला माहीत आहे आणि हात पोहोचेल अशा जागी ती आहे, एवढ्यावरही खटला उभा राहतो. काउंटरखालचा खण म्हणजे नेमकी तीच जागा. पत्नीने स्वतःसाठी घेतलेली बंदूक आपल्याला उघडता येणार नाही अशा कुलपात ठेवली, तर गोष्ट वेगळी. पण आपल्यासाठी म्हणून तिने खरेदीच्या फॉर्मवर सही केली, तर त्या फॉर्मवरचे खोटे तिच्या अंगावर येते.

राज्याने नागरी हक्क परत दिले की बंदुकीवरची संघीय बंदी उठते, असा कायद्यात एक मार्ग आहे खरा, पण तो राज्याच्या न्यायालयातल्या दोषसिद्धीसाठी आहे, आणि राज्याने हक्क देताना बंदूक वगळली असेल तर तोही बंद. आपली दोषसिद्धी संघीय आहे, आणि १९९४ सालच्या बीचम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, संघीय दोषसिद्धीचे परिणाम राज्याच्या कृपेने जात नाहीत. त्यानंतर दोन दारे उरतात. एक, राष्ट्राध्यक्षांची क्षमा. दुसरे, बंदीतून सूट मागणारा अर्ज. असा अर्ज करण्याची तरतूद कायद्यात आहे, पण १९९२ पासून अमेरिकी संसद (काँग्रेस) दरवर्षी अर्थसंकल्पात, बंदुकांचे नियमन पाहणाऱ्या संस्थेने (एटीएफ) व्यक्तींच्या अशा अर्जांवर एक पैसाही खर्च करू नये, अशी अट घालत आली. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात दार होते आणि दाराला कुलूप. मार्च २०२५ मध्ये न्याय खात्याने हा अधिकार त्या संस्थेकडून काढून अ‍ॅटर्नी जनरलकडे परत घेतला, आणि त्यानंतर मोजक्या व्यक्तींना सूट दिल्याचे जाहीर केले. जुने, आर्थिक स्वरूपाचे आणि हिंसा नसलेले प्रकरण असल्याने आपल्याला या मार्गाची चौकशी करण्यासारखी आहे. पण लेखी सूट हाती येईपर्यंत चांगले दिवे, कॅमेरे आणि पोलिसांना थेट सूचना देणारे बटण यांवरच भागवावे.

प्रश्न: फ्लोरिडातच राहणाऱ्या माझ्या यजमानांना मताधिकार परत मिळाला आहे. आता संघीय न्यायालयाकडून ज्युरीची प्रश्नावली आली आहे. जावे लागेल का? — एक वाचक

उत्तर: प्रश्नावली न भरता ठेवू नये. फेलनीबद्दलच्या प्रश्नाला खरे उत्तर लिहावे आणि हक्क परत मिळाले असल्यास कोणत्या मार्गाने, तेही नमूद करावे. संघीय ज्युरीसाठी, एक वर्षाहून अधिक कैदेस पात्र गुन्ह्यात दोषी ठरलेला आणि नागरी हक्क परत न मिळालेला माणूस अपात्र असतो. फ्लोरिडाच्या २०१८ च्या दुरुस्तीने केवळ मत परत दिले. ज्युरी आणि सार्वजनिक पद यांसाठी तेथे अजूनही क्षमा मंडळाकडे जावे लागते. त्यामुळे यजमानांना बहुधा वगळले जाईल, पण तो निर्णय न्यायालयाचा.

प्रश्न: फेलनी असूनही माणूस राष्ट्राध्यक्ष होतो, मग माझ्या वडिलांना साधे स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला का उभे राहता येत नाही? — एक विद्यार्थी

उत्तर: संघीय राज्यघटनेने राष्ट्राध्यक्षपदासाठी जन्मसिद्ध नागरिकत्व, वय वर्षे ३५ आणि देशात १४ वर्षांचा रहिवास एवढ्याच पात्रता घातल्या आहेत; स्वच्छ रेकॉर्ड ही त्यांतली एक नाही, आणि राज्यांना ती जोडता येत नाही. युजीन डेब्ज यांनी १९२० साली अटलांटाच्या संघीय तुरुंगातून ही निवडणूक लढवली आणि नऊ लाखांहून अधिक मते मिळवली. स्कूल बोर्ड हे राज्याच्या कायद्याखालचे पद आहे आणि त्याच्या अटी प्रत्येक राज्य ठरवते. आपल्या पत्रात राज्याचे नाव नाही. ते कळवल्यास नेमके सांगता येईल.

प्रश्न: एका सल्लागाराने काही हजार डॉलर घेऊन माझ्या भावाचे ‘गेलेले नागरिकत्व परत मिळवून देतो’ असे सांगितले आहे. त्यात राष्ट्राध्यक्षांचा माफीनामाही धरला आहे. भावाची शिक्षा ओहायोच्या राज्य न्यायालयातली आहे. पैसे द्यावेत का? — ओहायोतील वाचक

उत्तर: देऊ नयेत. सर्वसाधारण फेलनीमुळे अमेरिकी नागरिकत्व जात नाही, त्यामुळे ते परत मिळवून देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. राष्ट्राध्यक्ष फक्त संघीय गुन्ह्यांना क्षमा करू शकतात. ओहायोच्या न्यायालयाने दिलेल्या शिक्षेला त्यांची क्षमा लागू होत नाही, तो अधिकार ओहायोच्या गव्हर्नरांचा. शिवाय ज्यांची दोषसिद्धी संघीय आहे त्यांच्यासाठीही न्याय खात्यातील क्षमा विभागाकडे अर्ज करायला शुल्क नसते. फक्त सुटकेनंतर, किंवा कैद झालीच नसेल तर शिक्षा सुनावल्यानंतर, साधारण पाच वर्षे थांबावे लागते. आणि मिळालेली क्षमा गुन्हा पुसत नाही, केवळ माफ करते. रेकॉर्डवर दोन्ही नोंदी राहतात.

मताबद्दल भावाने कोणाला काही देण्याची गरज नाही. ओहायोत माणूस तुरुंगात असेपर्यंतच मत थांबते. तो बाहेर आला असेल, तर मत देऊ शकतो. मात्र तुरुंगात जाताना त्याची जुनी नोंदणी रद्द झालेली असते, म्हणून त्याने काउंटीच्या निवडणूक मंडळाकडे नव्याने अर्ज भरावा. मतदानाच्या ३० दिवस आधी नोंदणी बंद होते. अर्ज एका पानाचा आहे आणि त्यालाही शुल्क नाही.